फॅमिली क्वार्टर

इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलने मला नर्स म्हणून निवडल्याचा मेल आला, तेव्हा मी साताऱ्याच्या वॉर्डात ड्यूटीवर होते. व्हिसा नोकरी देणारेच काढून देणार होते, आणि त्यावर नवरा आणि मुलगीही येऊ शकत होते. मी मोबाईल खिशात टाकला आणि ड्यूटी संपेपर्यंत कुणालाच काही बोलले नाही.

माझं माहेर सांगलीचं, सासर कोरेगावजवळच्या एका गावातलं. नवरा शेती करतो, ऊस आणि थोडा घेवडा. स्वतःचा ट्रॅक्टर आहे, तो गावातल्यांच्या शेतातही चालवतो. मेल वाचून तो आधी हसला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. आम्ही दोघांनी ठरवलं की आधी मी एकटीने जायचं, मुलगी इथेच शाळेत राहील आणि वर्षाने पुढचं बघू. ठरवलं खरं, पण ठरल्यावर दोघांनाही जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी घरात सांगितलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. आत्या ओसरीवर घेवडा पाखडत होत्या, मामा पेपर वाचत होते. माझं बोलणं संपल्यावर आत्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"ह्यास्नी न्यायची परवानगी न्हाई व्हय?"

"आहे की. व्हिसा तिघांचाही मिळतोय."

"मंग? म्हंजी फॅमिली क्वार्टर मिळालंय की गं तुला!"

मामा फौजेत होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. नोकरीची बहुतेक वर्षं अशा जागी गेली, की तिथे बायकामुलांना नेता येत नसे. एकदाच, जबलपूरला, दोन वर्षं क्वार्टर मिळालं होतं. मग आत्यांच्या सासूबाई पडल्या, अंथरुणाला खिळल्या, आणि आत्या त्यांचं करायला गावी परत आल्या. हे मला तुकड्यातुकड्यांनी माहीत होतं. जबलपूरबद्दल आत्या कधी चार वाक्यांच्या वर बोलल्या नव्हत्या.

त्या सकाळी बोलल्या. शेजारच्या पंजाबी बाईने त्यांना सायकल शिकवली होती. नऊवारी नेसून त्या सायकल चालवायच्या, आणि पडल्या की दोघी रस्त्यातच हसत बसायच्या. हिंदी यायला लागली तशा एकट्या बाजारात जाऊन भाव करायला लागल्या. "आन् सांजच्याला ह्ये घरी यायचे. रोजच्या रोज. रजेवर न्हवं, घरी. च्या ठेवला की मानूस दारात. असं सुख मला फुडं कवा गावलं न्हाई."

मामांचा पेपर केव्हाच खाली आला होता.

"मला कवा बोलली न्हाईस," ते म्हणाले.

"तुमी कवा इचारलं?"

"मला वाटायचं तुला तितं करमत न्हाई. निघताना गाडीत रडत हुतीस."

"आवं, परत यायचं म्हनून रडत हुते!"

इतक्या वर्षांच्या संसारात ही गोष्ट मामांना आज कळत होती. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि पुसतच राहिले.

नवऱ्याने तेवढ्यात तोंड उघडलं. "आये, पर मी तितं काय करू? लोकं म्हनत्याली, बायकूच्या मागं गेला."

"मी तुज्या बापाच्या मागं गेलते. तवा कुनी नाक मुरडलं न्हाई ते?"

"ते येगळं."

"काय येगळं, सांग की."

मी हसू दाबायला पदर तोंडाला लावला, तर आत्यांनी मलाही सोडलं नाही. "आन् तू गं, शिकलेली बाई! एवढ्याशा पोरीला टाकून जायला निगालीस. ह्यो पयल्यांदा बापाला बघून काय म्हनला म्हाईत हाय का? 'पावनं कवा जानार?' म्हनला."

"आणि ऊस?" नवऱ्याचा शेवटचा प्रयत्न.

"उसाला मी हाय," मामा म्हणाले. "न्हाई झेपलं तर तुज्या चुलत्याला वाट्यानं देऊ. तू जा रं."

मग तिघांच्या कागदपत्रांची धावपळ सुरू झाली. आमचं लग्न शेकडो लोकांसमोर झालेलं, पण त्याचा दाखलाच नव्हता. कुणाला कधी लागला नव्हता. साक्षीदार, लग्नपत्रिका, फोटो असं सगळं घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. आत्यांनी मला लग्नातला शालू नेसायला लावला. आपल्या आईबाबांचं आज लग्न आहे, असं मुलीने शाळेत सगळ्यांना सांगितलं, आणि तिच्या बाई संध्याकाळी खरोखरच अभिनंदन करायला आल्या.

सांगलीला आईवडिलांना भेटायला गेलो, तर आईने हळद, बेदाणे आणि भडंग एवढं बांधून दिलं की वडील म्हणाले, "अगं, तिकडं दुकानं असतात." "असू देत की," म्हणून आईने आणखी एक पुडा कोंबला. जाताना ती जावयाला एवढंच म्हणाली, "तिला नाइट ड्यूटीवरनं आल्यावर झोपू द्या हं."

बॅगा मामांनी भरल्या. फौजेतल्या ट्रंकेसारखं प्रत्येक बॅगेवर पांढऱ्या रंगाने नाव लिहिलं आणि वरून दोरी आवळली. विमानतळावर त्या नव्या कोऱ्या बॅगांकडे लोक वळूनवळून बघत होते. नवरा थोडा शरमला. मला मात्र त्या दोरीच्या गाठींचा फार आधार वाटला.

पहिला हिवाळा वाईट गेला. मी कामात बुडालेली, मुलगी शाळेत मुकी. नवऱ्याला पार्सलांच्या गोदामात काम मिळालं. दिवसभर खोकी उचलून यायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. बोलायला गेलं की भांडण. एका दुपारी त्याने गावी फोन लावला आणि सरळ म्हणाला, "आये, मी परत येतोय."

आत्या म्हणाल्या, "ये की. घर तुजंच हाय. पर जबलपूरला मीबी पयल्या म्हैन्यांत रोज भांडान काढायचे. तितलं कुनी वळखीचं व्हयील तवर थांब, मंग ये."

ओळखीचं झालं ते बस डेपोतलं एक माणूस. गोदामाबाहेरच्या थांब्यावर रोज गाठ पडायची. आमच्या डेपोत ड्रायव्हर हवेत, शिकवतातही, असं त्याने सांगितलं. नवऱ्याने परीक्षा दिली, एकदा नापास झाला, पुन्हा दिली. आता तो दुमजली बस चालवतो. मुलगीही बोलायला लागली आहे. शाळेत इंग्रजी, आणि घरी "न्हाई, मला भाकरीच पायजे" असं चोख.

गेल्या उन्हाळ्यात आत्या आणि मामा दोन महिने राहून गेले. आत्यांना इथलं ऊन पसंत पडलं नाही. "दिसतंया, पर लागत न्हाई," म्हणाल्या. एका सकाळी आम्ही सगळे नवऱ्याच्या बसमध्ये चढलो. बाजारापाशी उतरायचं होतं. मामा ड्रायव्हरच्या जवळच्या सीटवर ताठ बसले आणि बाजार आला तरी उठेनात. बस शेवटच्या थांब्यापर्यंत गेली, परत फिरली. इथली माणसं उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. मामा प्रत्येक थांब्यावर कान देऊन ऐकत होते.

"परत्येक मानूस म्हनतोय," त्यांनी मला हळूच सांगितलं. "म्हातारी हुती ना काठीवाली, तीबी म्हनली."

"बास आता," आत्या म्हणाल्या, "उतरा. पोराला त्याचं काम करू द्या. बाजार परत आला बगा."

मामा उठले. उतरताना दारात क्षणभर थांबले आणि मुलाला, मोठ्या आवाजात, थँक्यू म्हणाले.