चाळीस पाकिटांची मावशी

हसू नका हं, आधीच सांगते. म्हणजे हसणार तुम्ही आहातच, पण चहा तरी सांडू नका. आपल्याच हाताने आपली वाट कशी लावायची, याचे क्लास निघाले ना, तर मला तिथे सरळ बाई म्हणून घेतील!

झालं काय, मालाडचं माझं ऑफिस बंद पडलं. घरी बसून डोकं फिरायला लागलं, म्हणून कोंबडी-वड्यांसाठी लागतं ते वड्याचं पीठ विकायचं ठरवलं. पीठ आमच्या घरचं, अस्सल मालवणी, एक नंबर! चारकोपात आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी नेलं आणि म्हणाले, "झकास!" पण शेजारी म्हणणारच की! मला हवं होतं परकं गिऱ्हाईक. मला ओळखत नाही आणि तरी माझं पीठ मागतं, असं एक तरी माणूस. त्याशिवाय नवऱ्यापुढे 'माझा धंदा' म्हणायची मलाच लाज वाटायची.

मग समोरच्या वैशालीने मला इन्स्टाग्रामवर पेज काढून दिलं. वडे तळतानाचा व्हिडिओ टाकला. खाली कमेंट? एक नाही.

"कमेंट पाहिजेत गं," वैशाली म्हणाली. "रिकाम्या हॉटेलात कोण शिरतं?"

पटलं मला. लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर हुकूम सोडला, 'गिऱ्हाईक असल्यासारखं लिहा.' आता आमचे नातेवाईक म्हणजे काय विचारता! कणकवलीच्या आत्याने लिहिलं, "सुप्रियान सांगल्यान म्हणान लिवतंय. पीठ बरा आसा. माका अजून पोचूक नाय."

आणि मुलुंडचा माझा धाकटा भाऊ, संदीप, तो तर सुटलाच. रोज नव्या नावाने खोटं अकाउंट काढायचा आणि ऑर्डरी द्यायचा. "लंडनहून बोलतोय, दोन पोती पाठवा!"

अशात एका संध्याकाळी मेसेज आला. नाव धड नाही, फोटोच्या जागी सूर्यफूल.

"नमस्कार. पवईला आमच्या ऑफिसात कोकणी जेवण ठेवलंय. पिठाची चाळीस पाकिटं मिळतील का?"

चाळीस? संदीपच हा! दुसरं कोण असणार?

मी लिहिलं, "चाळीस काय, चारशे घे रे! पण आधी बायकोला विचार. तिच्यापुढे तोंड उघडतं का तुझं?"

उत्तर आलं, "तुम्ही मला ओळखता का?"

"शेंबडा होतास तेव्हापासून!"

"माफ करा, लक्षात येत नाहीये."

"घरात तुला काय हाक मारायचे, ते लिहू का इथे?"

"नको! प्लीज नको!" आणि जरा वेळाने, "कुडाळच्या मावशी का?"

काय अॅक्टिंग करतो मेला! म्हटलं, चालू दे. "हो, तीच. विसरलास ना मावशीला? रविवारी घरी ये, पाया पड, मग पीठ मिळेल. पत्ता पेजवर आहे."

रविवारी बेल वाजली. दारात पिकल्या केसांचे एक गृहस्थ, हातात पेढे, शेजारी त्यांची बायको.

"मावशी आहेत का? मी पवईहून आलो. ती चाळीस पाकिटं..."

म्हणजे संदीप नव्हताच तो!

"मीच ती," कसंबसं म्हटलं. गृहस्थ नमस्काराला अर्धे वाकले होते, ते तसेच राहिले. वयाने मी त्यांची पुतणी शोभले असते हो!

मग दारातच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. संदीप, खोटी अकाउंटं, सगळं. रडूच यायचं बाकी होतं. जन्मात एक परकं गिऱ्हाईक आलं, आणि त्याला मी शेंबडा म्हणाले! गेली ऑर्डर.

गृहस्थांनी हळूच विचारलं, "म्हणजे माझं घरातलं नाव तुम्हाला..."

"देवाशप्पथ माहीत नाही!"

त्यांनी असा सुस्कारा सोडला म्हणता! "आणि मी हिच्यापुढे तोंड उघडत नाही, हे?"

"ते आमच्या संदीपचं हो!"

"एक मिनिट," त्यांची बायको म्हणाली, "घरातलं कुठलं नाव? मला नाही कधी सांगितलं!" आणि नवऱ्याचा चेहरा बघून ती जी हसत सुटली, ती सोफ्यावर बसेपर्यंत थांबेना. मीही मग दोघांना जेवायला बसवलं आणि घाईघाईने वडे तळले. देवाची कृपा, एकूण एक फुगला! दोघं पोटभर जेवले आणि चाळीसच्या चाळीस पाकिटं सांगून गेले. ते गेल्यावर मी ओट्याशी उभी राहून रडले. आनंदाने हो!

ऑफिसातलं जेवण झालं, आणि त्यांनी आपणहून पेजवर लिहिलं. कोणी सांगितलं नाही, विनवलं नाही. माझी पहिली खरी कमेंट! फोन घेऊन तशीच धावत वैशालीकडे गेले.

"मावशी, वडे टम्म फुगले. सगळ्यांनी बोटं चाटली. पुढच्या वेळीही हिला घेऊन येतो. तुमचा लाडका भाचा."

वैशालीने वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"सुप्रिया, बाकीच्या राहू देत. पण ही एक काढून टाक गं. सरळ कळतंय, तुझ्या घरातल्याच कोणीतरी लिहिलीय."