पत्रकावर ठेवलेले रोल

पत्रकात मी आण्णांचं, माझ्या वडिलांचं, नाव घातलं नव्हतं. हे मी भेटेल त्याला सांगत सुटले होते. नाव नव्हतं, पण बाकी सगळं होतं. बावीस वर्षं साच्यात लोखंडाचा रस ओतणारा कामगार. कंपनीनं बूट दिले नाहीत म्हणून पायात घरची चप्पल. डाव्या पोटरीवर तळहाताएवढा भाजल्याचा डाग. शिफ्ट सुटताना फौंड्रीच्या गेटवर संघटनेची ती पत्रकं मीच वाटली. पहिल्या चारपाच जणांनी वाचलं आणि एकमेकांकडं बघितलं. अख्ख्या खात्यात तसा पाय एकच होता. तिसऱ्या दिवशी साहेबांनी आण्णांना सांगितलं, "सध्या घरीच थांबा."

बूट द्यायचे नाहीत, पाय भाजला तर मलम घरचं, आणि कुणी बोललं तर घरी बसा! यावर मी माइकवर अर्धा तास बोलू शकते. पण उचगावच्या आमच्या दोन खोल्यांत मला एक वाक्य सुचत नव्हतं. आण्णा माझ्याशी बोलायचे थांबले होते. सकाळी कोपऱ्यावर कंपनीची बस हॉर्न द्यायची तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून पडायचे. मी ताटावर बसले की ते उठायचे. आई म्हणायची, "घरात पावण्यासारखं वागालेत. पावणं तरी बोलतंय की गं."

दालचिनीचे रोल करायचं डोक्यात आलं ते एका जुन्या गोष्टीमुळं. मागं एकदा कंपनीत परदेशी पाहुणे आले होते. त्यांच्या नाष्ट्यातला उरलेला एक रोल आण्णांनी कागदी रुमालात गुंडाळून घरी आणला होता. त्याचे तीन तुकडे केले, सगळ्यात लहान स्वतः घेतला आणि म्हणाले, "असलं कायतरी आपल्यात पण झालं पायजे की एकदा." मी "करू की" म्हणाले होते आणि मीटिंगला पळाले होते.

म्हणून रविवार धरला. रविवारी बस येत नाही, आण्णा जरा सैल असतात. पहाटे उठून कोमट दुधात यीस्ट आणि साखर घातली, फेस आल्यावर त्यात मैदा मळला. पीठ फुगून पातेल्याच्या काठाला आलं तेव्हा मला उगाचच वाटलं, आज बोलतील. पोळी लाटली, लोणी फासलं, वर किसलेला गूळ पसरला. दालचिनीची पूड भुरभुरताना आई मागं येऊन उभी राहिली.

"मटणाचा मसाला गोडात घालालीस व्हय?"

"असंच असतंय ते."

"आणि न्हाई खाल्लं तर?"

पोळीची गुंडाळी केली, दोऱ्यानं तुकडे कापले. आमच्यात ओव्हन कुठला! कुकरच्या तळाला मीठ घातलं, शिट्टी काढली, आत रोलची ताटली ठेवली आणि गॅस मोठा केला. घाईच होती मला, मनातून.

गूळ करपायच्या बेतात आला, ते मला कळलंच नाही. आण्णांना बाहेरच्या खोलीत वासावरून कळलं. ते आत आले. गॅस बारीक केला, कुकरच्या झाकणावर हात अधांतरी धरून आच बघितली आणि निघून गेले. थोड्या वेळानं परत आले आणि गॅस बंद करून तिथंच बसले. पाटावर, माझ्यासमोर! आईनं माझ्याकडं बघितलं. मी कुकर उघडून रोल बाहेर काढले.

पाक गळत होता, म्हणून मोठ्या ताटात कागद घातला. आमच्या घरात कागद म्हणजे पत्रक. फळीवर पत्रक, डब्याखाली पत्रक, चटणीच्या पुडीला पत्रक. नवा गठ्ठा आदल्याच दिवशी आला होता, सोमवारी गेटवर वाटायचा. आण्णांना परत कामावर घ्या, अशी मागणी होती त्यात, आणि भाजलेल्या पायाची एक ओळ. वरचंच एक ओढलं, कोरी बाजू वर करून त्यावर रोल मांडले.

आण्णांनी एक उचलला. एक घास घेतला. आणि त्यांची नजर रोलच्या जागेवर गेली. लोण्यानं कागद आरपार दिसायला लागला होता, खालची अक्षरं उलटी वर आली होती. त्यांनी कागद उपसून सुलटा केला आणि वाचला. सगळा वाचला.

"नवीन हाय?"

महिन्यानंतरचा पहिला शब्द.

"व्हय."

"परत माझाच पाय."

"आण्णा, तुम्हाला परत घ्यावं म्हणूनच—"

"मला इचारलंस?"

गावभर हक्काच्या गोष्टी सांगत फिरणारी मी, आणि यांना विचारलंच नव्हतं.

"अहो, आधी खावा तरी," आई म्हणाली.

"पाय काढ त्यातला," आण्णा मला म्हणाले. "बाकीचं वाट जा."

"पाय काढला तर ऱ्हातंय काय? ते म्हणतील, कुणी भाजलंच न्हाई."

"काढ म्हणतोय न्हवं?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू! कंपनीचा आला तसा त्यांचाही आला. ती एक ओळ गेली की पत्रक मेलं, हे मला कळत होतं. पण पाय माझा नव्हता.

गठ्ठा सोडला, काळा मार्कर घेतला आणि एकेक पत्रक पुढं ओढून ती ओळ खोडत बसले. आईनं उभ्यानंच एक रोल खाल्ला आणि भांड्यांना सांगितल्यासारखी म्हणाली, "चांगलं झालंय." बाकीचे ताटात गार होत गेले, वरचा गूळ कडक झाला. आण्णांचा एक घास घेतलेला रोल तसाच होता.

ते मात्र उठले नव्हते. बऱ्याच वेळानं त्यांनी मी खोडलेल्यातलं एक पत्रक उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

"अजून दिसालंय," ते म्हणाले आणि तो कागद माझ्यापुढं ठेवला.