बाहुल्यांच्या घरातली पीचची बरणी

पाकातले पीच बरणीत भरावेत तर या आर्विलानेच, असं आमच्या गावात सगळे म्हणत. म्हणजे मी म्हणत असे आणि बाकीचे ऐकून घेत. आमच्या पंथात वर्षभराचं खाणं तळघरात साठवायची रीत आहे. त्यात भक्ती किती आणि मिरवणं किती, ते देवाला ठाऊक.

सरकारने नेवाडाच्या वाळवंटात अणुबाँबच्या चाचणीत काय टिकतं ते बघायला खरीखुरी घरं बांधली, त्यांत कपडे घातलेल्या माणसांएवढ्या बाहुल्या बसवल्या आणि तळघरासाठी आमच्या महिला मंडळाकडे एक बरणी मागितली. शेजारच्या थेल्डाने हात वर करायच्या आत मी उभी राहिले.

"तुझं झाकण घट्ट बसत नाही गं," मी म्हटलं.

"तुझं तोंड तरी कुठे बसतं?" ती म्हणाली. पण बरणी माझीच गेली.

स्फोटाच्या पहाटे सगळं गाव घोंगड्या आणि गरम कोको घेऊन टेकडीवर बसलं. आभाळ लख्ख उजळलं, मग गुलाबी ढग आमच्याच बाजूला सरकू लागला. लोक त्याचं कौतुक करत होते आणि मी बरणीसाठी प्रार्थना करत होते. घरी आले तर दोरीवरच्या चादरींवर करडी भुकटी. मी त्या झटकल्या आणि माझ्या धाकट्या लेकीच्या, जोनीनच्या अंथरुणावर घातल्या.

तिसऱ्या दिवशी सरकारी माणूस बरणी घेऊन आला. अखंड होती. मी थेल्डाला मुद्दाम बोलावून घेतलं. त्याने किरणं मोजायची पेटी बरणीपाशी धरली. पेटी जेमतेम टिकटिकली.

"बघ," मी थेल्डाला म्हटलं.

तेवढ्यात जोनीन चादर पांघरून, राणी बनून पायरीवर आली. पेटी कडकड वाजू लागली. त्याने ती घाईने बंद केली.

"बिघडली वाटतं."

"आत्ता तर चांगली चालत होती," थेल्डा म्हणाली.

मी विचारलं, "त्या बाहुल्यांचं काय केलंत?"

"तपासायला नेल्या. एकूण एक."

"आणि आम्हाला कधी तपासणार?"

तो गाडीकडे बघत म्हणाला, "तुम्ही चाचणीत नव्हता, बाई."

मी चादर ओढून फेकली आणि जोनीनला अंगणातल्या पंपाखाली धरलं. ती गारठून रडत होती; भीतीने मीही. थेल्डा पंप मारत राहिली. पायरीवर माझी बरणी उन्हात छान चमकत होती.