बिनतारखेचे नऊ

टँकरवाल्या काकांनी मला सांभाळून घेतलं, हे आधी लिहून ठेवते. बाकीचं नंतर.

मी बिलोलीकडची. नववीतच शाळा सुटली, पुढं टायपिंगच्या जोडीनं कॉम्प्युटर शिकले. दुष्काळात लातूरला टँकरच्या ऑफिसात कंत्राटावर लागले. जिल्हा नवा, ओळखीचं कुणी नाही. कुठल्या वाडीला किती वाजता टँकर जाणार, याचा तक्ता मीच कॉम्प्युटरवर केला. रोज सकाळी त्यातून चिठ्ठ्या छापायच्या. चिठ्ठी नसली की विहिरीवर टँकर भरून देत नसत.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर कागद कोराच. बाहेर टँकर घुरघुरत उभे, तिकडं वाड्यांवर बाया घागरी लावून बसलेल्या. आज पाणी चुकलं तर मला बिलोलीच्या गाडीत बसवून देतील, एवढंच डोक्यात.

सगळ्यांत वयस्कर ड्रायव्हरकाका खिडकीशी आले. "काय झालं गं पोरी?"

"काका, कालचं सगळं हाय. आजचं काहीच न्हाई."

"काल काय अन् आज काय! तांड्यावर मी रोज नऊलाच जातो. माझ्या घड्याळात तारीख न्हाई, तरी उशीर झाला की बाया शिव्या बरोब्बर देतात."

मग ते एकेक वाडी, एकेक वेळ तोंडपाठ सांगत गेले. मी हातानं चिठ्ठ्या लिहिल्या. सह्या घ्यायलाही तेच साहेबांकडं गेले. "पोरीला बोलू नका साहेब, लई मन लावून करायलीय." उशीर झाला, पण टँकर सगळे गेले.

दुपारी तक्ता उघडला. रकाना मी तारीख आणि वेळ दोन्हींचा घेतला होता, त्यात तारीख पहिल्याच दिवसाची पडली होती. मशीन आजच्या फेऱ्या शोधत होतं आणि माझे नऊ कालच वाजून गेले होते. रकाना नुसत्या वेळेचा केला, सगळ्या वेळा पुन्हा भरल्या. आई मला रोज सातला फोन करायची. कुठल्या तारखेच्या सातला, असं मी तिला कधी विचारलं नव्हतं. मग मशीनसमोर बसल्यावरच मला तारीख का लागावी?

पाऊस झाला, टँकर थांबले. काका औशाकडं गावी निघाले तेव्हा म्हणाले, "माझ्या नातीला शिकव हे कधीतरी."

अजून जमलेलं नाही. पण स्वतःचा कॉम्प्युटर घेतला की तो घेऊन काकांच्या गावी जाणार. नातीला पहिला तक्ता शिकवीन तो तिच्या आजोबांच्या फेऱ्यांचा.