वन्सं आणि सासूबाईंची म्हस

अख्ख्या कोल्हापुरात दुसऱ्यानं श्वास सोडलेला ज्यांना खपत नाही, अशा एकट्या आमच्या वन्सं. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवतात आणि टेराहर्ट्झ नावाच्या लहरींवर संशोधन करतात. या लहरी कापडातून, कागदातून, रंगातून सहज आत शिरतात, पण पाणी भेटलं की तिथंच जिरतात. हवेतला दमटपणासुद्धा त्यांना सोसत नाही. त्यामुळं यंत्राजवळ वाकून कुणी काही विचारायला लागलं की वन्सं त्याचा खांदा धरून त्याला वळवतात आणि शांतपणे म्हणतात, "तिकडं तोंड करून बोला. तुमची वाफ मोजली जाते." तीच सवय घरी आली. मी भातावरचं झाकण काढलं की त्या ताट घेऊन सरकून बसतात. सासूबाई तर या संशोधनाला 'तेरा हाट' म्हणायच्या, आणि दूधवाल्यानं एकदा मनापासून चौकशी केली होती, तेराच का, चौदा का न्हाईत?

वस्तू न उघडता तिच्या आत बघणं हा वन्संचा धंदा आणि तोच त्यांचा छंद. आजऱ्याहून भेट आलेले काजू आमच्या तोंडात पडायच्या आधी प्रयोगशाळेत जाऊन येतात. एका दिवाळीला गारगोटीच्या मावशींचा डबा आला. आत काय आहे ते न उघडता सांगते म्हणून वन्सं तो घेऊन गेल्या. डबा पत्र्याचा, आणि पत्र्यातून या लहरी जात नाहीत, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण झाकणाच्या फटीतून काही जमतंय का ते बघत बसल्या. करंज्या मऊ पडून परत आल्या. शिवाय पुरावा हातात असल्याशिवाय त्या कुणाला बरं म्हणणार नाहीत की वाईट. शेजारणीनं हौसेनं नवी पैठणी दाखवली, तर बाई म्हणाल्या, "जर खरी असेल तर छान आहे."

अशा लेकीची आई मात्र आयुष्यभर एक बिनपुराव्याची गोष्ट सांगत आली होती. माझे सासरे पाट्या रंगवायचे, मधूनच तसबिरीही काढायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते नव्हते, पण त्यांनी काढलेली एक म्हैस बाहेरच्या सोप्यात भिंतीवर टांगलेली होती. भली मोठी, तेल लावल्यासारखी चकचकीत. सासूबाईंचं म्हणणं असं की त्या कापडावर आधी त्यांचं चित्र होतं. नवी नवरी समोर बसवून सासऱ्यांनी काढायला घेतलेलं. तेवढ्यात हातकणंगल्याचा एकजण आला, त्याला आपल्या बक्षीस मिळवलेल्या म्हशीची तसबीर लगेच हवी होती, आणि घरात दुसरं कापड नव्हतं. पुढं तो माणूस शिंगं चुकली म्हणून तसबीर न नेताच गेला. "माझ्यावर म्हस काढली," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. माझे यजमान हसायचे. वन्सं हसायच्या नाहीत, पण खरं आहे असंही म्हणायच्या नाहीत.

एका दुपारी सासूबाई लेकीला म्हणाल्या, "साऱ्या जगाच्या आतलं बघतीस, माझ्या म्हशीच्या आतलं बघ की."

वन्संनी चहाचा कप खाली ठेवला. इतकी वर्षं हे आपल्याला कसं सुचलं नाही, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही म्हैस चादरीत गुंडाळून रिक्षात घातली. चादर घसरली तसं रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, "म्हशीला कुठं न्यायचं, मावशी?"

"तपासायला," वन्सं म्हणाल्या.

वाटेत त्यांनी मला समजावलं. रंगाच्या प्रत्येक थरावरून लहर परतते, वरच्या थरावरून आधी, खालच्या थरावरून जरा मागाहून. तो उशीर मोजला की थर वेगळे काढता येतात. हे सांगता सांगता त्या मधेच हळूच म्हणाल्या, "वहिनी, खाली काहीच निघालं नाही तर?" मी म्हटलं, थोडं गोड बोलून वेळ मारून न्यावी. पण त्यांना खोटं बोलता येत नव्हतं आणि आईला दुखवायचंही नव्हतं.

यंत्र कापड ठिपक्याठिपक्यानं वाचत राहिलं. वन्सं रोज उशिरा घरी यायच्या. शेवटी एका संध्याकाळी त्या आईसमोर बसल्या. म्हशीच्या खाली एक बाई आहे, म्हणाल्या. पदर दिसतो, नथ दिसते. पण कोण ते सांगता येत नाही, कारण चेहऱ्यात डोळ्यांच्या जागी काहीच उमटत नाही. यंत्र तीनदा तपासलं, चूक सापडत नाही.

सासूबाई शेंगा सोलत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "डोळं काढलंच न्हाईत त्यांनी. उद्या सावकाश काढतो म्हणालं. आनि सकाळी म्हशीवाला दारात."

 वन्सं उठून बाहेर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा नाक लाल होतं.

यजमान एकदम उत्साहात आले. मुंबईहून जाणकार माणूस बोलावू, वरचा रंग हलक्या हातानं काढून घेऊ, आईचं चित्र मोकळं करू. सासूबाईंनी मान हलवली.

"ऱ्हाऊ दे. तीबी त्यांनीच काढलीया."

म्हैस परत आपल्या खिळ्यावर गेली. सासूबाई पुढं दोन वर्षं तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायच्या, आणि 'माझ्यावर म्हस काढली' हे त्यांनी पुन्हा कधी कुणाला सांगितलं नाही. आता त्या नाहीत. घरात त्यांचा तरुणपणीचा फोटो एकही नाही. नवीन पाव्हणं आलं, सोप्यात बसलं आणि भिंतीकडं बघून चित्र कुणाचं म्हणून विचारलं, की वन्सं म्हणतात, "आमची आई."

पाव्हणं एकदा म्हशीकडं बघतं, एकदा वन्संकडं. वन्सं चहा पुढं सरकवतात.