चाल : पारंपरिक

पंचवीस वर्षांहून जास्त काळ झाला, पण एका कॅसेटच्या कव्हरवरचा एक शब्द मला अजून सोडत नाही. तो मीच लिहून दिला होता. ‘संगीत’ या शब्दापुढे जागा रिकामी होती, तिथं मी ‘पारंपरिक’ असं लिहिलं. लिहिताना हात अडखळला नाही. उलट, स्वतःचं नाव घातलं नाही म्हणजे आपण किती सज्जन, असं वाटलं.

आम्ही बनारसचे, दूधविनायकचे. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी. मी बँकेत कारकून होतो आणि संध्याकाळी गात असे. माझा गळा बरा होता, पण नवीन काही सुचण्याची देणगी नव्हती. मला दुसऱ्यांची गाणी म्हणायला आवडत. नव्वदीच्या त्या दिवसांत बाजारात स्वस्त कॅसेटांची रेलचेल होती. जुनी गाजलेली गाणी नवे गायक पुन्हा म्हणत आणि जाणकार मंडळी नाकं मुरडत. मी मात्र त्या कॅसेटा हौसेनं आणायचो. मूळ गाणं पाठ असल्यामुळे हा नवा माणूस कुठं श्वास घेतो, कुठला शब्द हलकेच सोडून देतो, ते लगेच कळे. ओळखीच्या घरात नवे भाडेकरू आल्यावर आपण डोकावतो ना, तसं. भिंती त्याच, पण खाट दुसऱ्या बाजूला लावलेली. आणि त्या खाटेवर बसल्यावर कळतं की इथून नदी दिसते, जी आपल्याला इतक्या वर्षांत दिसली नव्हती.

बायकोला हे सगळं पटत नसे. ती म्हणे, “तुमचं बरं आहे. स्वयंपाक दुसऱ्यानं करायचा, तुम्ही वरून कोथिंबीर घालायची.”

आमच्या घरासमोर एक बाई राहत. मुलींच्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणे. गाणं मी त्यांच्याकडेच शिकलो. मी कॉलेजात असतानाचा एक उन्हाळा मला स्वच्छ आठवतो. गणपती विसर्जनाला निघण्याआधी म्हणायचं एक जुनं पद आमच्या इथल्या मराठी मंडळींत होतं. शब्द सगळ्यांना पाठ, पण चाल अशी की पाढे म्हटल्यासारखं वाटे. काकूंनी त्याला नवी चाल लावायला घेतली. दुपारी खिडक्या लोटून त्या पेटी घेऊन बसत आणि मी पलीकडे सतरंजीवर. मुखडा दोन दिवसांत झाला, पण शेवटच्या शब्दावर त्या आठ दिवस अडल्या. एके दिवशी स्वयंपाकघरात पीठ चाळता चाळता ओरडल्या, “मिळालं रे!” आणि तशाच पिठाच्या हातांनी येऊन त्यांनी पेटीवर ते वाजवून दाखवलं. शेवटच्या शब्दावर कोमल निषादावर थांबायचं, नुसतं थांबायचं, आणि मग सावकाश पंचमावर उतरायचं. निरोप घेणारं माणूस दारात थांबतं, तसा तो निषाद होता. पेटीच्या काळ्या पट्ट्यांवर पिठाची बोटं उठली होती.

ही चाल आपली आहे असं काकूंनी कधी कुणाला सांगितलं नाही. बायकांनी ती उचलली, मुलांनी उचलली आणि चार-पाच वर्षांत सगळे म्हणू लागले की ही आपली पूर्वापारची चाल. आमच्याकडे तसंच असतं. जे चांगलं असेल ते पूर्वजांनीच पेशव्यांबरोबर इकडे आणलेलं असतं. पण मला ही सबब नाही. मी त्या सतरंजीवर होतो.

शहरातले एक कॅसेटवाले सेठजी गंगेच्या भजनांची कॅसेट काढत होते. कुणीतरी माझं नाव सुचवलं. आठ भजनं होती. त्यातली सात त्यांनी सिनेमाच्या गाण्यांच्या चालींवर बसवून ठेवली होती. आठव्यासाठी त्यांना काहीतरी वेगळं हवं होतं. म्हणाले, “धुन नई हो, मगर लगे कि कहीं सुनी है.”

मी काकूंची चाल गुणगुणली.

सेठजींनी मांडीवर थाप मारली. “यही! किसकी है?”

“हमारे यहाँ गाते हैं,” मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकं सहज बोलता आलं.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे भिंतींना गाद्या बांधलेली एक कोंदट जागा होती. वीज गेली की थांबायचं, आली की पहिल्यापासून. तिसऱ्यांदा म्हणताना काय झालं कोण जाणे, मी त्या निषादावर थांबलोच नाही. वरच्या षड्जाला शिवलो आणि इकडे सावनात बायका कजरी म्हणताना घेतात तशी एक छोटी मुरकी घेऊन खाली आलो. तबलेवाला हसला आणि त्यानं मान डोलावली. ती मुरकी तशीच राहिली. मग सेठजींनी कव्हरवर छापायचा आठव्या भजनाचा कागद पुढं केला आणि मी तो शब्द लिहिला.

कॅसेट चालली, आणि त्यातही ते आठवं भजन. अमृतराव घाटाच्या पायऱ्यांवर बसलो की एखादा नावाडी वल्हं मारता मारता तेच म्हणत जाई, अर्धे शब्द स्वतःचे घालून. एका वरातीत बँडवाल्यांनी ते इतक्या उडत्या लयीत वाजवलं की नवरदेवाचे मित्र त्यावर नाचले. गणपतीला निरोप देण्याची ती चाल! मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला. माझ्या मुरकीसकट वाजवत होते.

एका रविवारी सकाळी काकू आल्या. हातात कॅसेट होती, स्वतः बाजारातून विकत आणलेली.

“बसा ना, काकू.”

“बसायला नाही आले. हे वाचून दाखव. चष्मा घरी राहिलाय.”

चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी वाचलं, “संगीत, पारंपरिक.”

“म्हणजे मी मेले वाटतं?”

बायको आतून चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली.

“काकू, मी माझं नाव नाही घातलं,” मी म्हणालो.

“तेवढं तरी घालायचंस! चोर म्हणून भांडले असते. आता कुणाशी भांडू? परंपरेशी?”

मी म्हटलं, चूक झाली, पुढच्या छपाईत तुमचं नाव घालायला सांगतो. त्यावर त्यांनी हात झटकला. “नको. मी ती चाल गंगेच्या भजनाला केली नव्हती, तिथं माझं नाव नको. फक्त तो शब्द काढ. जागा रिकामी ठेव. ज्याला विचारायचंय तो विचारेल.”

दाराशी जाऊन त्या वळल्या. “शेवटच्या शब्दावर तू थांबला नाहीस.”

“नाही.”

“चांगलं केलंस. मला आठ दिवसांत नाही सुचलं ते.”

आधीचं सगळं मी ऐकून घेतलं होतं. हे मात्र मला सहन झालं नाही, कारण बोलताना त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. तोवर त्यांनी केलेली ती एकच चाल होती. तिच्यातली सगळ्यात कष्टाची जागा मी जाता जाता बदलली होती, आणि ती चांगली झाली होती हे त्यांच्या कानाला नाकारता येत नव्हतं.

श्रावणात दुसऱ्या छपाईची वेळ आली. मी सेठजींकडे गेलो आणि म्हणालो की ‘पारंपरिक’ काढा, जागा रिकामी ठेवा.

“खाली?” ते म्हणाले. “खाली छोड़ेंगे तो लोग समझेंगे प्रेस की गलती है. आप चाय पीजिए, हम देख लेंगे.”

दूधविनायकात एक बाई राहतात आणि ही चाल त्यांची आहे, एवढं एक वाक्य मी तेव्हा बोलायला हवं होतं. पण त्या दिवशी सेठजी मला ‘कलाकार’ म्हणून दुकानातल्या गिऱ्हाइकांना दाखवत होते. मी चहा प्यालो आणि घरी आलो.

पंधरा दिवसांनी नवीन कव्हर हातात आलं. रिकामी जागा त्यांनी भरून टाकली होती. गायक म्हणून माझं नाव आणि त्याखाली संगीत म्हणून पुन्हा माझंच. मला धक्का बसला हे खरं. पण घरी आल्यावर मी ते कव्हर तीनदा काढून पाहिलं हेही तितकंच खरं आहे. मग ते लोकरीच्या कपड्यांखाली ठेवून दिलं. काकूंनी दोनदा विचारलं, “छापून आलं का रे?” दोन्ही वेळा मी म्हणालो, “अजून नाही, काकू.”

गणपती आले. आमच्या मंडळींचा उत्सव, पण त्या वर्षी कॅसेटमुळे गल्लीतले हिंदी शेजारीही आले होते. दरवर्षीप्रमाणे पेटीवर काकू, गायला मी. निवेदन करणाऱ्या गृहस्थांनी खिशातून कॅसेट काढली, कव्हर डोळ्यांजवळ धरलं आणि मोठ्यानं वाचलं, “गायक और संगीतकार, हमारे मोहल्ले के…” पुढे माझं नाव.

टाळ्या वाजल्या. काकूंच्या पेटीचा भाता हलायचा थांबला. मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. मग त्यांचा हलका आवाज आला, फक्त मला ऐकू येईल एवढा.

“कुणाची म्हणायची? तुझी की माझी?”

“तुमची,” मी म्हणालो.

मी पद सुरू केलं. शेवटच्या शब्दावर आलो, निषादावर थांबलो, सावकाश पंचमावर उतरलो. मागून एक आवाज आला, “गुरु, ई नाहीं! कैसेट वाला!” मग आणखी दोघं-चौघं म्हणाले, “हाँ भैया, कैसेट वाला सुनाइए.”

मी थांबलो आणि हात जोडले. जे श्रावणात सेठजींना एका वाक्यात सांगायचं होतं ते सगळ्यांसमोर हिंदीतून सांगितलं. हीच मूळ चाल आहे. ती माझी नाही आणि पारंपरिकही नाही. ती इथं पेटीवर बसलेल्या काकूंनी केली, त्यांनीच मला शिकवलं, कव्हरवर छापलं आहे ते खोटं आहे.

मग पहिल्या रांगेतले एक वयस्क शेजारी कौतुकानं म्हणाले, “देखिए, इसको कहते हैं संस्कार. इतना नाम हो गया, फिर भी गुरु को आगे रखते हैं.” आणि आधीपेक्षा जास्त टाळ्या पडल्या.

कुणाचाही विश्वास बसला नव्हता. त्यांना तो माझा विनय वाटला होता.

मी काकूंकडे पाहिलं. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. “आता तू काहीही कर,” त्या म्हणाल्या, “नाव तुझंच होणार. गा मुकाट्यानं.”

त्यांनी पुन्हा मुखडा धरला. मी त्यांच्या मागे मागे गात गेलो. शेवटचा शब्द आला तशी त्यांची बोटं षड्जाकडे गेली आणि त्यांनी माझी मुरकी घेतली, अगदी हुबेहूब. लोक खूष होऊन पुढं सरकले. पण मुरकी संपल्यावर मी जिथं सरळ खाली आलो होतो तिथं त्या आल्या नाहीत. त्या मुरकीतूनच निषादावर येऊन थांबल्या. नुसत्या थांबल्या. आणि मग उतरल्या. मी गाणं विसरून ऐकत राहिलो. ते माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं, आणि त्यांच्याही नसावं. पुढच्या आवर्तनात त्यांनी मला कोपरानं डिवचलं तेव्हा मी तसं गायलो. समोर बसलेल्यांना ते कॅसेटवालंच वाटलं.

कार्यक्रम आटोपल्यावर मी पेटी त्यांच्या घरी नेऊन ठेवली. त्यांनी दिवा लावला आणि म्हणाल्या, “चालीचं जाऊ दे. ‘अजून नाही’ म्हणालास, दोन वेळा. ते मी विसरायची नाही.”

मी पेटीवर खोळ घातली.

“ती मुरकी मात्र राहू दे.”

दुसऱ्या दिवशी मी सेठजींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, तिसरी छपाई निघाली तर बदलू. ती निघाली नाही. पुढं कॅसेटाच गेल्या. काकू आणखी सहा वर्षं आमच्या समोर राहिल्या. माझ्याशी नेहमीसारखंच बोलत, गणपतीत साथ करत, पण नवीन काही सुचलं की मला ऐकवायच्या नाहीत. खिडकी लोटलेली असे आणि आतून पेटी ऐकू येई. मी आमच्या दारात उभा राहून ऐकायचो. दार वाजवायचा धीर मला झाला नाही.

ते पद मी आजही म्हणतो, मुरकी घेऊन आणि निषादावर थांबून. कार्यक्रमाआधी आयोजक कागद आणतात. त्यावर गाण्याच्या नावापुढे कुणीतरी आपल्या मनानंच ‘पारंपरिक’ लिहिलेलं असतं. मी पेन मागून घेतो, तो शब्द खोडतो आणि जागा रिकामी ठेवतो. आतापर्यंत दोघांनी विचारलं आहे.