ऑर्डर कुणी दिली?

आधीच साफ सांगतो. या सदरात लोक जे लिहितात ते मी सकाळच्या चहाबरोबर वाचतो आणि बायकोला वाचून दाखवून हसतो. अमावस्या, पिंपळ, बंद पडलेली मोटारसायकल, "मागं बघू नको" म्हणणारी म्हातारी... सगळ्यांचं तेच! बावीस वर्षं फौजेत काढली मी. स्मशानाला लागून असलेल्या पोस्टवर ड्यूटी केली, तिथं एका सापाशिवाय कुणी भेटलं नाही. हे असलं काही लिहायची पाळी माझ्यावर येईल असं कुणी म्हणालं असतं, तर मी त्याला धरून डॉक्टरकडं नेला असता.

माझ्या अनुभवात पिंपळ नाही, अमावस्याही नाही. फेब्रुवारीतली सकाळ, साडेनऊची वेळ, डोळ्यावर येणारं ऊन आणि पोटात दोन प्लेट पोहे. ठिकाण — सांगली जिल्हा, पलूस तालुका, कृष्णेकाठचं माझं गाव. नाव देत नाही, कारण तिथं आधीच भांडणं काही कमी नाहीत.

महापुरानंतर आमच्या गावाचे दोन तुकडे झाले. निम्मी माणसं उंचावरच्या नव्या गावठाणात राहायला गेली, निम्मी जुन्या घरांना धरून बसली. नवे जुन्यांना आडमुठे म्हणतात, जुने नव्यांना पळपुटे म्हणतात. गणपती दोन, सप्ताह दोन. मयताला खांदा द्यायलासुद्धा एकमेकांकडं जाईनात. काठावरच्या आणखी तीन-चार गावांत हीच तऱ्हा. म्हणून तालुक्यातल्या आम्ही माजी सैनिकांनी ठरवलं की शांती पदयात्रा काढायची. कुंडलहून निघायचं, पुरानं मोडलेल्या गावांतून तीन दिवस चालायचं, लोकांना एकत्र बसवायचं. पक्ष नाही, झेंडा नाही.

या शांततेसाठी आमच्या चार मीटिंगा झाल्या आणि चारही भांडणात संपल्या. मेडल लावायची का नाही? पाय मिळवून चालायचं का आपापलं? कोण पुढं, कोण मागं? शेवटी कॅप्टनसाहेबांनी टेबलावर हात आपटला. हे आमचे अध्यक्ष. मानद कॅप्टन होऊन रिटायर झालेले, वय ब्याऐंशी, कानाला मशीन आणि गळ्यात शिट्टी. म्हणाले, "पाय मिळवूनच चालायचं. आणि ऑर्डर फक्त मी देणार! दुसऱ्या कुणी तोंड उघडलं तर तिथनंच घरी."

कॅप्टनसाहेब सोडून एकोणीस माजी सैनिक आणि एक देसाई बाई, असे आम्ही वीसजण चालत निघालो. देसाई बाई म्हणजे गणिताच्या रिटायर शिक्षिका. त्यांचे मालक फौजेत होते, ते वारले, तर त्यांच्या वाटणीचं मी चालणार असा बाईंचा हट्ट. त्यांना कुणी नाही म्हणू शकलं नाही, कारण आमच्यातल्या सातजणांनी त्यांच्या हातचा मार खाल्लेला. बॅनरचं एक टोक बाईंच्या हातात आणि दुसरं नामदेवच्या. नामदेव फौजेत पूल बांधायचा, आता गावात कशातही अडथळे आणतो.

मार्ग आखायचं काम माझ्याकडं होतं. आणि आता खरं ते कबूल करतो. आमच्या गावात तोंडाशीच रस्ता दोन्हीकडं फुटतो. डावीकडं देऊळ आणि चावडी, उजवीकडं नदीकडं जाणारी गल्ली. मी नकाशावर डावीकडचा रस्ता लाल पेनानं गिरवला. उजवीकडच्या गल्लीच्या शेवटी भूपालचं घर होतं, म्हणून.

भूपाल माझा दोस्त. एका दिवशी भरती झालो, एका बराकीत शेजारी-शेजारी झोपलो. ट्रेनिंगमध्ये एकाच उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या. तो जैन, मी मराठा. मेसमध्ये त्याच्या वाटणीची अंडी मी खायचो आणि माझ्या वाटणीचं दूध तो प्यायचा. असलं मैत्र.

महापुराच्या वेळी मी बचावाच्या बोटीवर मदतीला होतो. भूपाल घराच्या सपाट माळवदावर दोन म्हशी घेऊन बसला होता. म्हशी सोडून यायला तयार नाही. "मुकं जनावर पाण्यात सोडून मी कसा येऊ रं?" मी म्हटलं, "बायापोरं पोचवतो आन् तासाभरात येतो. थांब." पलीकडं गेलो तर तिथल्या साहेबांनी सांगितलं, वरच्या वस्तीवर बाळंतीण अडकली आहे, बोट तिकडं वळवा. मी वळवली. तोवर पाण्याची ओढ वाढली आणि बोटी बंद झाल्या. भूपालनं माळवदावर दोन रात्री काढल्या. एक म्हैस डोळ्यादेखत गेली.

पाणी उतरल्यावर मी गेलो, तर चार माणसांत मला म्हणाला, "तासाभरानं येणारा फौजी आला बघा." माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "मला ऑर्डर होती!" तो म्हणाला, "व्हय की. ऑर्डरच मोठी." झालं. तेव्हापासून बोलणं बंद. लग्नात समोरासमोर आलो तरी मी पंगत बदलायचो.

जे मला खरं बोचत होतं ते मी कुणाजवळ बोललो नव्हतो. बाळंतिणीकडं जायलाच पाहिजे होतं, त्यात चूक नाही. पण "साहेब, माझा एक माणूस माळवदावर राहिलाय" एवढं वाक्य मी तिथं बोललोच नाही. कडक आवाजात ऑर्डर आली की माझी जीभ आपोआप आत जाते. सवय! त्या सवयीची मला लाज वाटत होती आणि लाज झाकायला मी रागावून बसलो होतो.

तर तो दिवस. पदयात्रेचा दुसरा. आम्ही गावाच्या तोंडाशी आलो. पुढं बॅनर, मागं मी, मागं बाकीचे. कॅप्टनसाहेबांचे गुडघे धरले होते, म्हणून ते सगळ्यात मागं जीपमध्ये बसून पेरू खात येत होते. रस्ता फुटतो तिथं आलो आणि—

"परेड... दाहिने घूम!"

खणखणीत. पाठीमागून. पोटातनं काढलेला आवाज!

आता ज्यांनी फौज बघितली नाही त्यांना हे सांगून कळायचं नाही. असली ऑर्डर कानावर पडली की डोकं विचारात पडायच्या आत पाय वळलेले असतात. एकोणीसच्या एकोणीसजण काटकोनात वळलो. ज्याच्या कमरेत पट्टा होता तोसुद्धा. नामदेव उजवीकडं वळला आणि देसाई बाई सरळ डावीकडं चालत गेल्या. बॅनर मधोमध टर्रकन फाटला. "शांती" बाईंबरोबर देवळाकडं गेली आणि "पदयात्रा" आमच्याबरोबर नदीकडं.

एक-दो-एक करत आम्ही ती गल्ली चालत होतो. दोन्ही बाजूला रिकामी घरं, भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ, कुलपांना गंज. मला कुठं चाललोय ते दिसत होतं, पाय थांबत नव्हते. गल्लीच्या शेवटच्या घरापुढं आलो आणि परत—

"थम!"

थांबलो. भूपालच्या दारात.

मागनं जीप आली. कॅप्टनसाहेब हातात अर्धा पेरू घेऊन, कानात मशीन खुपसत उतरले आणि ओरडले, "ऑर्डर कुणी दिली? कोण हाय त्यो शाणा?" आम्ही एकमेकांकडं बघतोय. नामदेव म्हणाला, "आवं साहेब, तुमीच की!" "मी पेरू खात होतो, माकडा!"

आतून कुणी बाहेर आलं नाही. म्हटलं, हा आता दार उघडणार आणि वीस माणसांत माझी काढणार. मी हळूच म्हणालो, "साहेब, चुकून आलोय, पीछे मुड़ करू या." तेवढ्यात देसाई बाई अर्धा बॅनर खांद्यावर टाकून तणतणत आल्या.

"मुलांनो, कुठं निघालात? मला सांगायची काही पद्धत?"

"बाई, ऑर्डर आली न्हाई का? दाहिने घूम?"

"कसली ऑर्डर? मला काही ऐकू आलं नाही. एकदम सगळे वळलात!" मग त्यांनी दाराकडं बघितलं. "दाराखालून पाणी का वाहतंय?"

खरंच वाहत होतं. उंबऱ्याशी दुधाची किटली तशीच, वर माशा. मी हाक मारली. "भूपाल!" काही नाही. दाराला आतनं कडी. मग काय विचारता, एकोणीस फौजी आणि एक दार! नामदेव म्हणाला आधी बिजागरी बघू. एकजण म्हणाला पहार आणा. एकजण छतावर चढायला निघाला, त्याला तिघांनी धरला. या गोंधळात देसाई बाईंनी शेजारच्या खिडकीच्या फुटक्या काचेतून हात घातला, कडी सरकवली आणि म्हणाल्या, "उघडलंय."

भूपाल न्हाणीत पडला होता. पहाटे पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, नळ तसाच चालू. बायको लग्नाला कवठे महांकाळला गेलेली, पोरगा पुण्यात, शेजार तर सगळा नव्या गावठाणात. त्याला साखरेचा त्रास. ओरडून ओरडून घसा पार बसलेला, तोंडातून नुसती हवा येत होती. मला बघून ओठ हलले. मी कान जवळ नेला. म्हणाला, "किती... उशीर."

मी रडलो. सरळ सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. त्याच्या डोक्याखाली हात घालून त्या पाण्यात बसून मी पोरासारखा रडलो आणि बाहेर कॅप्टनसाहेब अजून ऑर्डर कुणी दिली म्हणून विचारत होते.

जीप वळवून दाराला लावायला नामदेव पळाला. नव्या गावठाणातली माणसं आरडाओरडा ऐकून खाली आली. जुन्यांनी बाज आणली, नव्यांनी उचलली. त्या वेळी कोण कुठला ते कुणी विचारलं नाही. सांगलीच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की संध्याकाळपर्यंत तसाच पडून राहिला असता तर अवघड होतं.

त्याच दिवशी दुपारी शाळेच्या वर्गात कॅप्टनसाहेबांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी भरवली. खरीखुरी! आम्ही पोरांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसलो आणि प्रत्येकाला कागद दिला. प्रश्न एकच — आवाज कुणाचा होता? एकमेकांचं बघायचं नाही, देसाई बाई सुपरव्हिजनला.

कागद गोळा झाले आणि बाईंनी एकेक वाचायला घेतला. नामदेवनं लिहिलं होतं, ट्रेनिंगमधले गढवाली उस्ताद, आवाज जरा नाकातून. दुसऱ्यानं लिहिलं, माझे पंजाबी उस्ताद, शंभर टक्के. तिसऱ्यानं तमिळ उस्ताद लिहिलं होतं, ते "घूम"चं "गूम" म्हणायचे, तसंच ऐकलं. प्रत्येकाला आपापल्या उस्तादाचा आवाज ऐकू आला होता! माझ्या कागदावर आमच्या जौनपूरच्या उस्तादांचं नाव होतं. माझे आणि भूपालचे उस्ताद. ते वारले त्याला जमाना झाला.

बाई म्हणाल्या, "एकोणीस कागद, एकोणीस उत्तरं. गणितात याला शून्य देतात."

नामदेव म्हणाला, "आवं साहेब, तुमचा कागद?" कॅप्टनसाहेबांनी कानातलं मशीन काढून टेबलावर ठेवलं. "पेरू खाताना कटकट आवाज येतो म्हणून हे मी काढून ठेवलं होतं. मशीनशिवाय मला जीपचा हॉर्न ऐकू येत न्हाई." मग म्हणाले, "पण ऑर्डर ऐकली. उस्तादांचाच आवाज. पेरू हातात धरून सीटवर सावधान झालो मी." त्यांच्याकडं बघून कुणी हसलं नाही. इन्क्वायरी तिथंच गुंडाळली.

मी पुष्कळ विचार केला. कुणीतरी रेडिओ लावला असेल म्हणावं, तर तो बाईंना कसा ऐकू आला नाही? माझ्याच मनानं मला वळवलं म्हणावं, तर बाकीच्या अठराजणांचं भूपालशी काय देणंघेणं? बायको म्हणते देवाची कृपा. तिला मी म्हटलं, देव कशाला हिंदीत ऑर्डर देईल? ती म्हणाली, तुम्हाला मराठीत सांगितलेलं कधी कळलंय का? या विषयावर आमच्या घरात एवढीच चर्चा झाली. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर सांगा. मला आजवर सुचलेलं नाही.

ऑपरेशननंतर चार दिवसांनी दवाखान्यात गेलो. कॅप्टनसाहेबांनी पाठवलं होतं, तब्येतीचा रिपोर्ट घेऊन ये म्हणून. भूपालचा आवाज परत आला होता. मी त्याला सगळं सांगितलं. ऑर्डर, बॅनर, पेरू, कागद. तो पोट धरून हसला, हाड दुखतंय म्हणून कळवळला आणि परत हसला. मग छताकडं बघत म्हणाला,

"सदा, तवा ऑर्डर आली म्हणून गेलास. ह्या टायमाला ऑर्डर आली म्हणून आलास. आजबी साहेबानं धाडलं म्हणून आलायस." माझा हात धरला. "कवा तरी आपल्या मनानं ये की रं, गड्या."

खाली मान घालून बसलो आणि वेळ संपल्यावर नर्सनं उठवलं तेव्हा उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं सांगलीला गेलो. जा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.